जुन्या गाड्या आणि वाचनालयाचा वरचा मजला: प्रकल्प नोंदी

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

काल दसरा झाला, आज सकाळी कार्यकारी मंडळ वाचनालयातच बसलं. विषय एकच होता, ग्रंथसाठा वर न्यायचा. २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, जयंती नाल्याला फुगवटा आला आणि तळमजल्यातली खालची चार चार खणं चिखलात गेली. यंदा जुलैतही ४३ फुटांची धोका पातळी ओलांडल्यावर पोरांनी रात्रीत पुस्तकं टेबलांवर आणि जिन्यावर रचली. ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, "दर पावसाळ्यात मी पुस्तकांची हमाली करीन, पण दोन महिने वाचकाला पुस्तक मिळत नाही त्याचं काय?" यावर कुणाकडे उत्तर नव्हतं.

नुसती रॅक वर चढवून भागत नाही, हे इंजिनिअरांच्या अहवालात स्पष्ट आहे. राहत्या खोलीची फरशी चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो, एवढा भार धरून करतात. ग्रंथसाठ्याच्या खोलीला किमान ६ लागतात. आपला वरचा मजला बैठकीसाठी बांधलेला. त्यामुळे आधी खालून लोखंडी गर्डर, मग रॅक. गर्डरचं काम ३,३२,००० रुपये. सात खणांचं एक लोखंडी रॅक ७,२०० ला, अशी चाळीस, म्हणजे २,८८,०००. एकूण ६,२०,०००.

निधी कसा उभा करायचा यावर नेहमीच्या सूचना आल्या: ऑर्केस्ट्रा, नाटकाचा प्रयोग, स्मरणिका. स्मरणिकेच्या जाहिराती मागायला आपण दर दोन वर्षांनी त्याच दुकानांत जातो. मी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन मांडलं. दसऱ्याला राजाराम महाराजांच्या काळातली मेबॅक मोटार निघते तेव्हा दसरा चौकात तिच्यासाठी माणसं तासन् तास उभी राहतात. उद्यमनगरसारखी कारखान्यांची वसाहत आपल्याकडे आहे. ऑइल इंजिनं घडवलेल्या मिस्त्र्यांची तिसरी पिढी तिथे काम करते. गावोगावी गोठ्यात, शेडमध्ये ताडपत्रीखाली गाड्या आहेत. आणि यातल्या कितीतरी गाड्या त्याच पुरात बुडून पुन्हा उभ्या राहिल्यात. पुस्तकांसाठी त्या गाड्यांनी यावं, हे मला मनापासून पटतं.

अध्यक्षांनी "करा" म्हटलं. अट घातली: देणगीतला एक रुपयाही मांडवावर खर्च व्हायचा नाही. अट मला मान्य आहे. खर्चाचे पैसे वेगळे उभे करायचे.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता १५ तारखेपासून लागली. मतदान २० नोव्हेंबरला, निकाल २३ ला. पोलीस ठाण्यात चौकशी केली. निकाल लागेपर्यंत कुठल्याही कार्यक्रमाच्या परवानगीचं बोलूच नका, बंदोबस्तात माणूस नाही, असं सरळ सांगितलं. बरंच झालं. नोव्हेंबरात कार्यक्रम घेतला असता तर प्रत्येक उमेदवार मांडवात येऊन उभा राहिला असता.

तारीख ठरवली: रविवार, १९ जानेवारी २०२५. संक्रांत १४ ला होते. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा महिनाअखेरीस सुरू होतात, त्याआधी शाळेचं मैदान मोकळं मिळेल. शाळेच्या मुख्याध्यापिका आपल्या जुन्या वाचक आहेत. मैदान फुकट, पण तेलाचा एक थेंब मातीत नको आणि स्पीकर मर्यादेत. दोन्ही मागण्या रास्त आहेत.

१० नोव्हेंबर, रविवार

प्रवेश अर्जाचा मसुदा केला. वाद झाला तो कुठल्या गाड्या घ्यायच्या यावर. तरुण मंडळींना स्पोर्ट्स कार हव्यात, म्हणजे गर्दी होईल, रील होतील. ज्येष्ठांना फक्त पन्नास वर्षांवरच्या. मी म्हटलं, लोकांच्या घरात जी होती ती गाडी पाहिजे. फियाट, पद्मिनी, अँबॅसडर, मारुती ८००, जीप, मॅटाडोर, चेतक, प्रिया, लुना, येझदी, बुलेट. ट्रॅक्टरही चालेल. शेवटी असं ठरलं: पंचवीस वर्षांवरची कुठलीही गाडी, चालू स्थितीत. शिवाय शेवटच्या रांगेत चार-पाच नव्या महागड्या गाड्या, तरुणांच्या आग्रहाखातर.

अर्जात मी एक कलम घातलं आणि ते कुणालाही काढू दिलं नाही: गाडीजवळ मालक, चालक किंवा घरातलं कुणीतरी पूर्ण वेळ उभं पाहिजे. दोरी लावून गाडी सोडून जायचं नाही. गाडी बघून लोक पुढे सरकतात, तिच्याविषयी ऐकायला मात्र थांबतात. आणि थांबलेल्या माणसाचाच हात खिशाकडे जातो. सत्यनारायणाच्या पूजेतही ताम्हनात पैसे पडतात ते गुरुजी समोर बसलेले असतात म्हणून.

प्रवेश फी: चारचाकी ५००, दुचाकी २००. बघणाऱ्यांना तिकीट नाही. तिकीट लावलं की चार माणसांचं घर दारातूनच परत फिरतं.

निधीची पद्धत अशी: प्रत्येक गाडीपुढे कुलूपबंद डबा. आवडलेल्या गाडीच्या डब्यात हवे तेवढे पैसे टाका. ज्या गाड्यांचे डबे सर्वांत जास्त भरतील त्यांची नावं नव्या रॅकवर लागतील. लकी ड्रॉची सूचना आली होती, ती मी तिथेच बंद केली. पैसे घेऊन चिठ्ठी काढायची म्हणजे कायद्याच्या दृष्टीने लॉटरी होते. वाचनालयाच्या नावावर ते नको.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

निवडणूक आटोपली. अर्ज घेऊन निघालो. पोलीस ठाणे, वाहतूक शाखा, महापालिकेचं विभागीय कार्यालय, अग्निशमन. स्पीकरची वेगळी परवानगी. एके ठिकाणी आमचा अर्ज दोनदा गहाळ झाला. तिसऱ्यांदा दिला तेव्हा पोच घेतल्याशिवाय मी टेबल सोडलं नाही.

वाहतूक शाखेने रंकाळ्यापासून मैदानापर्यंतच्या मिरवणुकीला नकार दिला. उसाचा हंगाम सुरू झालाय, रविवारी सकाळीही ट्रॅक्टर-ट्रॉल्या शहराच्या कडेने जातात, त्यात सत्तर वर्षांची एखादी गाडी चढावर बंद पडली तर सगळं अडतं. त्यांचं म्हणणं खरं आहे. मिरवणूक रद्द. गाड्या आपापल्या वाटेने येतील.

हिशेबाचं चार्टर्ड अकाउंटंटांशी बोलले. वाचनालय १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेलं आहे, देणगीदाराला आयकरात सवलत देणारं ८०जी आहे. पण २,००० च्या वर रोख दिलेल्या देणगीला ८०जी ची सवलत मिळत नाही, हे पावतीच्या टेबलावर मोठ्या अक्षरात लावायचं. मोठे देणगीदार चेक किंवा यूपीआयने देतील. त्यांचा पॅन आणि पत्ता त्याच वेळी घ्यायचा, कारण मेअखेर आयकर खात्याकडे देणगीदारांचं विवरण जातं आणि त्यावरूनच त्यांना प्रमाणपत्र मिळतं. कार्यक्रमानंतर फोन करून पॅन मागत बसलं की अर्धे लोक देत नाहीत.

१ डिसेंबर, रविवार

उद्यमनगरात दिवस गेला. मिस्त्र्यांना भेटणं हे या कामातलं सगळ्यात आनंदाचं काम ठरणार असं दिसतंय.

एका शेडमध्ये पद्मिनी उभी होती, २०१९ च्या पुरात छतापर्यंत बुडालेली. मिस्त्री सत्तरीचे. मी विचारलं, बुडालेली गाडी कशी उठवता? ते पाना हातात घेऊन सांगायला लागले. "सेल्फ मारायचाच न्हाई, पहिली गोष्ट. लोक गडबडीनं किल्ली फिरवत्यात आणि कनेक्टिंग रॉड वाकडा करून बसत्यात. पाणी दाबलं जात न्हाई, ताई." मग क्रम असा: बॅटरी सोडवायची. सगळे प्लग काढायचे. चेंबरचं तेल खाली घ्यायचं. ते दुधाच्या चहासारखं निघालं तर पाणी आत गेलंय. सिलिंडरमध्ये वरून डिझेल ओतून रात्रभर ठेवायचं, दुसऱ्या दिवशी हाताने इंजिन फिरवायचं, प्लगच्या भोकांतून गढूळ पाणी उडतं. ते स्वच्छ येईपर्यंत पुन्हा पुन्हा. चारी चाकांचे ड्रम उघडून गाळ काढायचा, बेअरिंगांना नवं ग्रीस. कार्ब्युरेटर आणि पेट्रोलची टाकी उतरवायची. डायनॅमो उन्हात. सीट आणि छताचं कापड टाकूनच द्यायचं. वायरिंग मात्र पूर्ण नवीन, कारण गाळाने गंजलेली वायर सहा महिन्यांनी धूर काढते. "इंजिन वाचतंय. वायरिंगवर विश्वास ठिवायचा न्हाई."

मी विचारलं, हे सगळं मैदानावर लोकांना सांगाल? ते म्हणाले, "मला भाषण जमत न्हाई." मी म्हटलं भाषण नको, बॉनेट उघडून उभे राहा, विचारतील त्याला आत्ता सांगितलंत तसं सांगा. "मग येतो की."

त्याच शेडमधल्या दुसऱ्या मिस्त्र्यांनी इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींचा विषय काढला. त्यांनी मीरा ही छोटी मोटार स्वतः घडवली होती, आणि तिची आठवण अजून या भागातल्या प्रत्येक गॅरेजात निघते. जिल्ह्यात मोटार बनवणारा माणूस होऊन गेला हे मुलांना कळलं पाहिजे. एक फलक त्यासाठी राखून ठेवला.

खर्चासाठी उद्यमनगरातल्या कारखानदारांकडून ५०,००० ठरले. त्यांचं नाव मांडवाच्या एकाच कमानीवर. गाड्यांजवळ कुणाची जाहिरात नाही.

१५ डिसेंबर, रविवार

अर्ज यायला लागलेत. कागदपत्रं तपासायचं काम कॉलेजच्या दोन मुलांकडे दिलंय. आरसी, इन्शुरन्स, पीयूसी. किमान थर्ड पार्टी विमा असल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही, हे प्रत्येकाला फोनवर सांगितलं. ज्यांचं पासिंग संपलंय त्यांनी टोचन करूनही आणायची नाही, सरळ कॅरिअरवर घालून आणायची. कॅरिअरचं भाडं दोन टेम्पोवाले घेणार नाहीत, असं त्यांनीच सांगितलं.

बऱ्याच मालकांना व्हिंटेज नोंदणीची नीट माहिती नाही, म्हणून एक पान तयार केलं. केंद्राने २०२१ मध्ये नियम केला. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, फेरनोंदणीला ५,०००. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं. पण ती गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्याला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच रस्त्यावर. ज्याला गाडीतून अजून बाजाराला जायचंय त्याने विचार करूनच घ्यावी. कागलकडच्या एका आजोबांनी पान वाचून ठरवलं, नको. त्यांची जीप अजून शेतावर जाते.

साताऱ्याहून प्रिया स्कूटरवाल्यांचा एक गट येतोय. प्रिया साताऱ्याचीच, महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात बनलेली. बजाज आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून तो कारखाना उभा केला होता. गटातल्या दोघांनी त्या कारखान्यात नोकरी केलीय. आपण बनवलेली स्कूटर आपणच चालवत आणणार! त्यांना पहिल्या रांगेत जागा. महामार्गावर सहापदरीकरणाची कामं चालू आहेत, तेव्हा त्यांना शनिवारी दिवसाउजेडी निघायला सांगितलं. मुक्कामाची सोय आपल्या सभासदांच्या घरी.

२९ डिसेंबर, रविवार

मैदान मोजलं. चुन्याची फक्की, टेप, सुतळी. चारचाकीला अडीच बाय पाच मीटर, दोन गाड्यांत दीड मीटर, म्हणजे दार उघडून माणूस बाजूला उभा राहू शकतो. रांगांमध्ये सहा मीटर. अग्निशमन अधिकारी स्वतः येऊन बघून गेले. फाटकापासून टोकापर्यंत चार मीटरची वाट पूर्ण मोकळी हवी, तिथे स्टॉलही नको. प्रत्येक रांगेला आग विझवायचे, पावडरचे दोन एबीसी सिलिंडर. गाडी जागेवर लावली की बॅटरीची एक वायर सोडवायची आणि चाकामागे लाकडी ठोकळा. सुटं पेट्रोल कुणीही आणायचं नाही. टू-स्ट्रोकवाले ऑइल मिसळायला बाटल्या घेऊन येतात, त्या फाटकावर जमा.

तेलाचं कोडं सॉ मिलवाल्यांनी सोडवलं. प्रत्येक गाडीखाली पत्र्याचा ट्रे आणि त्यात भुसा. जुन्या इंजिनातून तेल ठिबकणारच, त्यात मालकाला कमीपणा वाटायचं कारण नाही.

बचत गटांचे बारा स्टॉल, भाडं १,५०० प्रत्येकी. मिसळ, झुणका-भाकरी, उसाचा रस, तिळाच्या वड्या. एका गटाने सुंदर रिक्षा स्पर्धेतल्या सजवलेल्या रिक्षा आणू का विचारलं. आणा म्हटलं. कोल्हापुरात गाडीवर जीव लावणं म्हणजे काय हे त्या रिक्षांइतकं कुणी दाखवत नाही.

५ जानेवारी २०२५, रविवार

फलकांचा मजकूर पूर्ण केला. प्रत्येक गाडीपुढे एक, मराठीत, मोठ्या टायपात. वर गाडीची माहिती, खाली घरची हकिकत मालकाच्या शब्दांत. वरची माहिती ग्रंथपाल मॅडमनी तपासल्याशिवाय छापायची नाही असं ठरलं होतं, आणि त्यांनी इंटरनेटवरून उचललेल्या बऱ्याच गोष्टी खोडल्या.

नमुने. अँबॅसडर: मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून बेतलेली, बंगालात उत्तरपाड्याला बनायची, मे २०१४ मध्ये उत्पादन थांबलं. पद्मिनी: कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली, मूळ फियाट ११००, इंजिन १०८९ सीसी, गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर. मुंबईत ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून बंद झाली. मारुती ८००: १४ डिसेंबर १९८३ ला पहिली गाडी दिली गेली, इंजिन ७९६ सीसी. जीप सीजे-३बी: इंजिन उंच, म्हणून बॉनेट उंच. मॅटाडोर: फिरोदियांच्या बजाज टेम्पोची, मर्सिडीजच्या डिझेल इंजिनावर चालणारी.

खालच्या हकिकती मात्र जशाच्या तशा. मॅटाडोरवाल्यांनी लिहून दिलं: "ह्या गाडीत दूध, लग्नाचं वऱ्हाड, कांदे, गणपती आणि दोन बाळंतिणी नेल्या. दोन्ही पोरं आता इंजिनिअर आहेत." एवढंच. मी एक अक्षर बदललं नाही.

१२ जानेवारी, रविवार

स्वयंसेवकांची बैठक, जवळजवळ सगळी एनएसएसची मुलं. वाटणी: फाटक, रांगा, पावती टेबल, डबे, पाणी, प्रथमोपचार. डब्यांवर दोन कुलपं, किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे. मोजणी शाळेच्या वर्गात, दार उघडं ठेवून, मंडळाबाहेरचे दोन साक्षीदार बसवून.

क्यूआर कोडबद्दल मुलांना बजावलं. कोड वाचनालयाच्या खात्याचाच, कुणाच्या वैयक्तिक नंबरचा नाही. गर्दीत मूळ कोडवर दुसरा स्टिकर चिकटवून पैसे वळवण्याचे प्रकार होतात. म्हणून दर तासाला प्रत्येक रांगेतला कोड स्वतः स्कॅन करून वर वाचनालयाचं नाव येतं का ते बघायचं आणि वहीत सही करायची.

सार्वजनिक दायित्वाचा एका दिवसाचा विमा उतरवला. हप्ता खर्चाच्या पैशांतून.

एका मोठ्या गाडीसंग्राहकांनी कळवलं की त्यांच्या गाड्या दोरीच्या आतच राहतील आणि माणूस उभा राहणार नाही. बैठकीत दोघांना वाटलं, अपवाद करावा, नाव मोठं आहे. मी कलम वाचून दाखवलं. त्यांना दोरीसह यायचं असेल तर शेवटच्या रांगेत नव्या महागड्या गाड्यांबरोबर यावं, एवढंच कबूल केलं. ते आले तर आनंद आहे, पण पहिल्या रांगेत प्रिया असणार.

१८ जानेवारी, शनिवार

मांडव उभा राहिला. संध्याकाळी सातारची मंडळी पोचली, अकरा स्कूटर, एक बंद पडलेली. क्लच केबल तुटली होती. कासेगावजवळ रस्त्याकडेच्या गॅरेजात बसवून घेतली, म्हणून उशीर. आपल्या सभासदांच्या घरांतून जेवायची इतकी बोलावणी आली की शेवटी चिठ्ठ्या टाकून पाहुणे वाटले.

फियाट आणि अँबॅसडरवाल्यांना निरोप दिला: सकाळी आठच्या आत पोचा. ऊन चढल्यावर गर्दीत हळू चालवताना पेट्रोलचा पंप तापतो, व्हेपर लॉक होतो, म्हणजे पेट्रोलची वाफ होऊन ते पुढे जात नाही, आणि मग पंपावर ओलं फडकं टाकून बसावं लागतं.

१९ जानेवारी, रविवार

रात्री साडेअकराला लिहितेय.

पहाटे साडेसहाला फाटक उघडलं, जीपवाले आजोबा आधीच बाहेर उभे. आठला रांगा भरल्या: ३८ चारचाकी, ४६ दुचाकी. दहाला उद्घाटन. भाषणं दोनच, दोन्ही छोटी. पाहुण्यांनी नारळ फोडून बुडालेल्या पद्मिनीचं इंजिन सुरू केलं. तो आवाज आला आणि सगळं मैदान टाळ्या वाजवायला लागलं. मिस्त्री बॉनेटला टेकून उभे होते, त्यांनी फक्त रुमालाने हात पुसले.

अकरानंतर गर्दी वाढली, म्हणून जीपपुढे लहान मुलांची वेगळी रांग लावावी लागली. आजोबांनी सकाळीच जाहीर केलं होतं, "पोरांनी बसायचं, स्टीअरिंग फिरवायचं, हॉर्न वाजवायचा. फकस्त उड्या मारायच्या न्हाईत." दुपारी दोनला त्यांचा डबा भरला म्हणून बदलला. चारला पुन्हा.

प्रियाची रांग मी बराच वेळ बघत उभी होते. साताऱ्याचे एक काका, कारखान्यातून निवृत्त, स्कूटर कशी तिरकी करून मग किक मारायची ते दाखवत होते. एका बाजूला झुकवली की कार्ब्युरेटरकडे पेट्रोल उतरतं. पंचेचाळिशीतली एक बाई आपल्या मुलाला म्हणाली, "बघ, आजोबा असंच करायचे, मी पुढे उभी असायचे." मग तिने काकांना विचारलं, पुढे उभी राहू का? राहिली. डब्यात किती टाकले ते मी बघितलं नाही, पण पावतीच्या टेबलावर येऊन तिने एका रॅकचे ७,२०० वडिलांच्या नावाने यूपीआयने दिले.

मिस्त्र्यांभोवती आयटीआयच्या पोरांचा घोळका दिवसभर होता. तीन वाजता ते बसले तर पोरंही खाली बसली. "मला भाषण जमत न्हाई" म्हणणारा माणूस सहा तास बोलत होता.

दोरीतल्या गाड्या आल्या, सुंदर होत्या, त्यांच्यापुढे फोटोसाठी सतत गर्दी होती. डबे हलके राहिले. नव्या महागड्या गाड्यांतल्या एका तरुण मालकाने मात्र दुपारी आपणहून दोरी काढली, दार उघडलं आणि मुलांना इंजिनाचं दाखवायला लागला. त्यानंतर त्याचा डबा भरायला लागला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, समोरची जीप बघून केलं त्याने.

अडचणी: दुपारी एका अँबॅसडरच्या रेडिएटरचा होज फुटला, वाफेने एका स्वयंसेवकाचा हात थोडा भाजला. प्रथमोपचार टेबलावर लगेच पाण्याखाली धरला, डॉक्टरांनी बघितलं, काळजीचं नाही. पाणी दुपारी दोनदा संपलं, टँकर पुन्हा मागवला. पार्किंग बाहेर रस्त्यावर सांडलं, वाहतूक हवालदारांनी निभावून नेलं. पुढच्या वेळी दुसरं मैदान पार्किंगसाठी घेतल्याशिवाय तारीख ठरवायची नाही.

सहाला बंद. साडेसहाला मोजणीला बसलो.

२० जानेवारी, सोमवार

सकाळी मैदान झाडून दिलं. भुशाचे ट्रे उचलले, चुन्याच्या रेघा पाण्याने धुतल्या. मुख्याध्यापिका स्वतः फिरून बघून गेल्या आणि पुढच्या वर्षी मैदान देऊ म्हणाल्या.

चिल्लर आणि नोटा बँकेत भरायला अर्धा दिवस. दहाच्या नाण्यांची एवढी पोती बघून रोखपालांनी आधी नाक मुरडलं. कशाचे ते सांगितल्यावर तेच काउंटरबाहेर येऊन मोजायला बसले.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनानंतर हिशेब फलकावर लावला. मंडळाच्या सह्या, साक्षीदारांच्या सह्या.

खर्चाची बाजू: प्रवेश फी २८,२००, स्टॉल भाडं १८,०००, कारखानदार ५०,०००, एकूण जमा ९६,२००. मांडव, स्पीकर, पाणी, फलक, विमा, स्वच्छता, जेवण मिळून खर्च ९१,४००. शिल्लक ४,८०० निधीत वर्ग.

निधी: डबे १,१२,३४०. यूपीआय १,८७,६००. चेक २,३५,०००. शिल्लक धरून एकूण ५,३९,७४०. देणगीतला एक रुपयाही मांडवाला गेलेला नाही.

डब्यांचा क्रम: जीप, मग साताऱ्याची प्रिया, मग बुडालेली पद्मिनी, मग मॅटाडोर. या चौघांची नावं पहिल्या चार रॅकवर. ज्या गाड्यांजवळ माणूस उभा होता आणि ज्यांच्याजवळ नव्हता त्यांच्या डब्यांची तुलना मी वेगळ्या कागदावर करून मंडळाला दिली. माणसाचं कलम आता नियमावलीत कायमचं गेलं.

उद्दिष्टाला ८०,२६० कमी पडले. दोन मतं होती: गर्डर थोडे कमी घालून चाळीसही रॅक घ्यावीत, की गर्डर पूर्ण घालून रॅक कमी घ्यावीत. इंजिनिअरांनी पहिल्याला साफ नकार दिला, मलाही तो पटला. गर्डर ३,३२,००० चे पूर्ण. उरलेल्यात अठ्ठावीस रॅक, २,०१,६००. हातात ६,१४० राहतात. बारा रॅक बाकी.

२ फेब्रुवारी, रविवार

गर्डरची ऑर्डर उद्यमनगरातच दिली. मे संपायच्या आत बसवून, रंग देऊन, जूनच्या पहिल्या आठवड्यात पुस्तकं वर चढवायची असं लेखी घेतलं. पद्मिनीच्या मिस्त्र्यांनी निरोप पाठवलाय, पुस्तकं हलवायच्या दिवशी शेडमधली सगळी पोरं घेऊन येतो. मॅटाडोरवाल्यांना आधीच सांगून ठेवलंय, कपाटांची ने-आण तीच करणार.

बारा रॅकसाठी देणगीदारांची यादी ग्रंथपाल मॅडमनी सुरू केली. पहिली तीन नावं आलीत. ८०जी च्या पावत्यांसाठी पॅन नंबर जुळवायचं काम उद्यापासून.